देवळालीचा ताप आणि पुण्याची ताजी बिअर

एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही असं सांगायला इंग्रजीत ‘डूलॅली’ असा एक शब्द आहे. तो मूळचा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. १८६१ साली तिथे ब्रिटिश फौजेची छावणी उभी राहिली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी पाठवण्याआधी तिथे आणून ठेवत. फौजा नेणारी जहाजं मुंबईहून थंडीच्या मोसमातच सुटत. त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, त्याला तो अख्खा उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढावा लागे. हाताला काम नाही, घरी जाता येत नाही, वर ऊन आणि हिवताप. अशा शिपायाला बाकीचे म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. हा टॅप म्हणजे आपला ताप. ‘डोक्याला ताप’ हे आपण दिवसातून चार वेळा म्हणतो. त्या शिपायांनी त्याच तापाला गावाचं नाव जोडलं आणि तो आपल्याबरोबर मायदेशी नेला.

२००९ साली पुण्यात कोरिंथियन्स क्लबच्या आवारात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर बनवून तिथेच पाजणारी जागा, सुरू झाली, तिचं नावही ‘डूलॅली’. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघांनी ती काढली आणि बिअर बनवायला ओलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रूमास्टर आला. पुढे मुंबईत त्यांच्या ज्या शाखा निघाल्या त्यांना ‘टॅपरूम’ म्हणतात. तो टॅप अर्थातच नळाचा. पण देवळालीची गोष्ट माहीत असली की पाटी वाचताना तापही आठवतो.

मुंबई-ठाण्याकडची मंडळी आता शुक्रवारी संध्याकाळी पुणं गाठतात, दोन दिवसांत तीन-चार ब्रुअऱ्या फिरतात, छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मागवून चव घेतात, टाक्या बघतात आणि रविवारी परततात. मी गेली काही वर्षं हे करतो आहे. सुरुवातीला ते नव्या पैशाचं आणि नव्या पिढीचं खूळ वाटायचं. मागचा इतिहास वाचत गेलो तसं मत बदललं. दोनशे वर्षं आपल्या भागात बिअर दुरून, दुसऱ्या कुणासाठी येत होती. ती जिथे शिजते तिथे पिणाऱ्याने स्वतःहून जायचं, हा प्रवास मात्र अगदी ताजा आहे. तो सुरू व्हायला एवढा वेळ का लागला, याचं उत्तर छावणीत, अबकारी कायद्यात आणि परमिट रूमच्या पाटीत सापडतं.

गोष्ट समुद्रातून सुरू होते. अठराव्या शतकात लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं सुटत ती गोदी तिथून जवळच. जहाजाच्या कप्तानांना स्वतःचा थोडा खासगी व्यापार करायची मुभा असे आणि हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर पिंपं देई. त्या काळी ही सवलत फार मोठी. पिंपं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून चार ते सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरत. वाटेतल्या उष्म्याने आणि हेलकाव्यांनी आतली बिअर मुरायची. लोणचं जसं बरणीत हलवून ठेवल्यावर मुरतं, तसंच काहीसं. कंपनीच्या साहेबांना ती इतकी आवडली की पुढे हॉजसनचं दुकान जोरात चाललं. मग १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉपने त्याच्या तोडीची बिअर बनवून बाजार फोडला. पहिला नमुना चहाच्या किटलीत शिजवला होता, असं सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश भरपूर असल्याने तिथली बिअर अधिक स्वच्छ आणि कडवट उतरे. छपाईत ‘ईस्ट इंडिया पेल एल’ असे शब्द १८२९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका वर्तमानपत्राच्या जाहिरातीत दिसतात. आज पुण्यातल्या ब्रुअऱ्यांच्या फळ्यांवर दिसणारं ‘आयपीए’ ते हेच. त्यातलं आय म्हणजे इंडिया, पेल म्हणजे फिकी आणि एल हा बिअरचा एक प्रकार.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मेन्यूकार्डांवर हमखास छापलेला असतो. इंग्लंडहून येणारी बिअर वाटेत नासायची, म्हणून हॉजसनने जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलाची फुलं) आणि जास्त मद्यार्क घालून नवा प्रकार शोधला, असं त्यात म्हटलेलं असतं. ब्रिटिश बिअर-इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी जुनी कागदपत्रं चाळून ही गोष्ट खोडून काढली आहे. फिक्या रंगाची, भरपूर हॉप्सची, साठवणीची बिअर इंग्लंडात आधीपासून होती. हॉजसनने तीच पाठवली. शिवाय काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येत होती आणि धडधाकट पोचत होती. साध्या शिपायाच्या वाट्याला जास्त करून तीच येई, पेल एल साहेब लोकांची. म्हणजे बिअरच्या रंगातही हुद्दा होता. मला या गोष्टीचा हा भाग त्या दंतकथेपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

गोऱ्या फौजेला इतकी बिअर लागायची की ती जहाजातून आणत बसण्यापेक्षा इथेच बनवणं परवडे. हवा थंड हवी, म्हणून पहिल्या ब्रुअऱ्या डोंगरावर निघाल्या. कसौलीला एडवर्ड डायरची ब्रुअरी होती. जालियनवाला बागेत गोळ्या झाडायला लावणारा जनरल डायर हा याच डायरचा मुलगा. पुढे एच. जी. मीकिन याने सिमला आणि कसौलीच्या जुन्या ब्रुअऱ्या विकत घेतल्या आणि रानीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग अशा ठिकाणी आणखी काढल्या. त्या यादीत एक नाव डोंगराळ नाही: किर्की, म्हणजे आपली खडकी. १८१७ च्या नोव्हेंबरात जिथे पेशव्यांची फौज हरली, त्याच परिसरात पुढे इंग्रजांची छावणी वसली आणि छावणीपाठोपाठ बिअर आली. पुण्यात बिअर बनण्याचा इतिहास २००९ पासून मोजतात. खडकी धरली तर तो मीकिनच्या काळापर्यंत मागे जातो. फरक इतकाच की खडकीची बिअर पुणेकरांसाठी नव्हती. ती छावणीत बनायची आणि छावणीत संपायची.

आणि पुणेकर, ठाणेकर, कोकणातला माणूस तेव्हा काय पीत होता? ताडी, माडी, मोहाची. यांना कारागिरी लागत नाही असं ज्याला वाटतं, त्याने पहाटे माडाच्या शेंड्यावर चढून पोय, म्हणजे त्याचा फुलोरा, तासणाऱ्या माणसाला एकदा बघावं. पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही सगळी घरची, झाडावरची, पाड्यावरची पेयं कर आणि परवान्याच्या जाळ्यात ओढली. झाडावर कर आला, घरोघरच्या भट्ट्यांच्या जागी सरकारमान्य मोठ्या भट्ट्या आल्या. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच निर्बंध घालणारा कायदा झाला. जी फुलं आदिवासी घरांत उपाशी दिवसांचं अन्नही होती, ती वेचणं गुन्हा ठरू लागलं. छावणीत बिअरची पिंपं फुटत असताना पाड्यावर मोहाच्या टोपलीची झडती व्हायची. आज स्थानिक चव, हातची कारागिरी असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्या टोपलीची आठवण ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडची हातची पेयं बाजारात हरली नव्हती, कायद्याने हरवली होती.

स्वातंत्र्यानंतर कायदा आणखी कडक झाला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. त्यामागे गांधीजींची शिकवण होती आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या गिरणी कामगारांच्या चाळी होत्या. हेतू खोटा होता असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. एफ. एन. बलसारा या पारशी गृहस्थांनी या कायद्याला कोर्टात आव्हान दिलं. त्यांना घरी व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि ओ-द-कोलोन ठेवायचं होतं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातली काही कलमं रद्द केली आणि बाकीचा कायदा कायम ठेवला. मुंबईत मग चोरून दारू विकणाऱ्या आंटींचे अड्डे आणि हातभट्टी फोफावली, तो भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात नियम सैल झाले, पण कायदा गेला नाही. त्याने फक्त रूप बदललं. प्रकृतीसाठी मद्य लागतं असं सांगून परवाना घ्यायचा आणि परवानाधारकांसाठी वेगळी खोली असलेल्या ठिकाणी बसून प्यायचं. ती ‘परमिट रूम’. महाराष्ट्रात हमरस्त्याने कुठेही जा, ‘बार अँड परमिट रूम’ अशी पाटी दिसतेच. कर्नाटकातून किंवा गोव्यातून आलेल्या पाहुण्याला तिचा अर्थ लागत नाही, कारण हे शब्द आपल्या दारूबंदीचे अवशेष आहेत. (गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि हा कायदा तिथे कधी पोचलाच नाही. तिथल्या माणसाचं फेणीशी असलेलं मोकळं नातं त्यामुळेच टिकलं.) आजही महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रमसारख्या मद्याला २५.

या व्यवस्थेत बिअर कारखान्यातून आणि बहुतेक बंद बाटलीतच यायची. १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने दक्षिणेतल्या काही ब्रुअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली. १९४७ मध्ये विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९७८ मध्ये ‘किंगफिशर’ घराघरांत नव्हे, पण परमिट रूमांत नक्की पोचली. कारखान्यातली बिअर गाळून, तापवून, बाटलीत भरून दूर पाठवायची असते. ती महिनोन्‌महिने टिकावी लागते, म्हणून तिच्यातलं बिअर आंबवणारं जिवंत यीस्ट काढून टाकावं लागतं. चव सगळीकडे एकसारखी राहते, हा तिचा गुण. आणि आपल्याकडचा गिऱ्हाईक बाटलीमागे मद्यार्क किती मिळतो ते बघायला शिकला, त्यामुळे ‘स्ट्राँग’ बिअरच जास्त खपू लागली. बिअर म्हणजे पिवळी, बर्फासारखी थंड, शेंगदाण्याच्या चकण्याबरोबर भरभर संपवायची, ही आपल्या दोन पिढ्यांची समजूत त्यातून बनली.

दरम्यान बाहेर दुसरंच काही चाललं होतं. इंग्लंडात १९७१ मध्ये पिंपातल्या जिवंत बिअरसाठी ग्राहकांनी ‘कॅमरा’ ही संघटना काढली. अमेरिकेत १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅगने सॅन फ्रान्सिस्कोची डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी विकत घेऊन वाचवली. १९७६ मध्ये जॅक मॅकॉलिफने कॅलिफोर्नियात ‘न्यू अल्बियन’ ही चिमुकली ब्रुअरी थाटली. ती काही वर्षांत बंद पडली, पण तिच्याकडे बघून शेकडो निघाल्या. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर बनवणं तिथे कायदेशीर झालं. आपल्याकडची बरीच मंडळी याच काळानंतर शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेली, तिथे शनिवारी ब्रुअऱ्या फिरली आणि ती चव घेऊन परतली.

परतल्यावर आडवा आला तो कायदा. आपल्या नियमांत ब्रुअरी म्हणजे कारखाना. हॉटेलच्या कोपऱ्यात काचेमागे पाचशे-हजार लिटरच्या टाक्या ठेवून बनवायचं आणि तिथेच विकायचं, ही कल्पना कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. बनवण्याचा परवाना वेगळा, विकण्याचा वेगळा, आणि दोन्ही एका छपराखाली कसे द्यायचे, हा राज्य उत्पादन शुल्क विभागापुढचा खरा प्रश्न. हरियाणाने गुडगावात ती वाट थोडी आधी मोकळी केली होती. महाराष्ट्रात ती पुण्यात उघडली. माझ्या मते ते पुण्यात होणं साहजिक होतं. मुंबईत टाक्या मांडायला जागा परवडत नाही. पुण्यात तेव्हा शहराच्या कडेला शेतजमिनी अजून मोकळ्या होत्या, आयटीतली आणि परदेशी फिरून आलेली तरुण मंडळी होती, आणि जर्मन कंपन्यांमुळे बव्हेरियन गव्हाची बिअर म्हणजे काय हे माहीत असलेले लोकही.

ती गव्हाची बिअर, म्हणजे हेफेवायझन, पुण्यात रुजली त्याला माझ्याकडे एक घरगुती कारण आहे. मुंढव्यातल्या एका ब्रुअरीत मी शनिवारी सकाळी लवकर गेलो होतो. गिऱ्हाइकांची वेळ व्हायची होती. ब्रूअरने मोठ्या भांड्याचं झाकण उचललं आणि वाफेबरोबर जो वास आला त्याने मी थबकलो. कुरडईचा चीक! उन्हाळ्यात आई तीन दिवस गहू भिजवायची, रोज पाणी बदलायची, मग वाटून, गाळून, निवळ काढून चीक शिजवायला घ्यायची. तो शिजत असताना घरभर जो गोडसर, किंचित आंबूस, गव्हाळ वास दरवळायचा, त्याच्या अगदी जवळचा हा वास होता. ब्रूअर विदर्भातला मुलगा. त्याला कुरडई समजावून सांगावी लागली नाही. तो म्हणाला, “काका, आमचं अर्धं काम तुमच्या आईच्या कामासारखंच आहे, फक्त आम्ही घाटत नाही, थांबतो.”

थांबतात ते तापमानासाठी. जव किंवा गहू आधी भिजवून, मोड आणून, वाळवलेला असतो. त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात जी पिठाची साखर करू शकतात. भरडलेला माल्ट गरम पाण्यात साधारण ६५ ते ६७ अंशांवर तासभर ठेवला की ती कामाला लागतात. तापमान फार चढलं तर ती मरतात, चीक नुसता चीकच राहतो. ब्रूअरने मला सुरुवातीला आणि तासाभराने असं दोनदा चमचाभर पाणी चाखायला दिलं. पहिल्यांदा पिठूळ, मिळमिळीत. दुसऱ्यांदा उसाच्या रसाला लाजवेल इतकं गोड. साखरेचा कण न घालता. मग ते गाळून हॉप्सबरोबर उकळतात, गार करतात, यीस्ट सोडतात. या बिअरला येणारा पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास त्या यीस्टचा असतो. केळं किंवा लवंग कुणी घालत नाही. तळाशी उरलेला चोथा पोत्यांत भरून दाराशी ठेवला होता. तो गोठ्यात जातो.

हेफेवायझनसारखी एल पद्धतीची बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागर नावाची, आपल्या बाटलीतल्या बिअरच्या जातीची, शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरवावी लागते, आणि तितके दिवस टाकी अडते. छोट्या ब्रुअऱ्यांच्या फळ्यांवर लागर कमी दिसते, त्यामागे हा साधा हिशेब आहे. आणि ही बिअर तापवलेली नसते, म्हणून ती थंडाव्यातच ठेवावी लागते आणि लवकर संपवावी लागते. पिणाऱ्यालाच तिच्या दारात जावं लागतं, ते यामुळे.

यात राज्याराज्यांचे नियम भर घालतात. कर्नाटकाने बंगळुरूच्या मायक्रोब्रुअऱ्यांना जिथे बनवाल तिथेच विका असं बंधन घातलं. त्यामुळे २०१० नंतर तिथे भव्य ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर तिथेच बनवणारे बार, निघाले. एकेक जागा म्हणजे शेकडो माणसांची जत्रा. महाराष्ट्रात पिंपं दुसऱ्या परवानाधारक बारलाही देता येतात. म्हणून इथे ब्रुअरी एकीकडे आणि नळ दुसरीकडे असं चित्र दिसतं. मुंबईत २०१३ मध्ये लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ‘बार्किंग डिअर’ने शहरातला पहिला ब्रूपब काढला. ज्या गिरणगावातल्या कामगारांना वाचवायला दारूबंदी आली, त्याच गिरणगावातल्या एका गिरणीच्या जागेत तो निघाला, ही गोष्ट मला तिथे बसल्यावर विसरता आली नाही. पण मुंबईच्या बारमधल्या नळांतून येणारी बिअर पुष्कळदा शहराबाहेर शिजलेली असते. ‘गेटवे ब्रुइंग’ नाव ऐकून कुलाबा डोळ्यांसमोर येतो, त्यांची ब्रुअरी मात्र डोंबिवलीत. डोंबिवलीकर म्हणून मला याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण नाही.

पुण्यात डूलॅलीनंतर २०१४ मध्ये मुंढव्याला ‘इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी’ आली, कोरेगाव पार्कला ‘एफिनगट’, मग कल्याणीनगर, बाणेर, बालेवाडी अशी रांग लागली. माझ्या दृष्टीने खरी महत्त्वाची घटना त्याच्याही पुढची. सुरुवातीची सगळी बिअर जर्मनी, बेल्जियम, अमेरिकेच्या धर्तीवर होती. माल्ट बरेचदा आयात, हॉप्स तर आयातच. जव राजस्थानात मुबलक पिकतो, पण हॉप्सच्या वेलाला उन्हाळ्यात खूप लांब दिवस लागतो आणि तो आपल्या अक्षांशावर मिळत नाही. मग इथल्या ब्रूअरांनी इथलं काय घालता येईल ते शोधायला घेतलं. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकम आणि मीठ घातलेली बिअर काढली. जर्मनीत गोझं नावाची आंबट-खारट बिअर शेकडो वर्षांची आहे. तिला आपल्या सोलकढीची ओळख करून दिल्यासारखं झालं. पहिला घोट घेतला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मालवणी आजोबांनी ग्लास उजेडाकडे धरून रंग पाहिला आणि “आगळ हा” एवढंच म्हणाले. आगळ म्हणजे कोकमाचा अर्क. ‘मूनशाइन मीडरी’ने तर मध आंबवून मीड बनवायला घेतलं. २०१६ च्या सुमारास हा उद्योग उभा राहिला तेव्हा देशात मीडसाठी अबकारी रकानाच नव्हता. आंब्याच्या दिवसांत हापूसची, पावसाच्या तोंडावर जांभळाची बिअर निघते. काही फसतात. नुसता फळाचा रस ओतल्यासारख्या गोड होतात, आणि तसं ब्रूअरला तोंडावर सांगावं. ते ऐकतात, मी अनुभवलं आहे.

या काळात धक्केही बसले. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०१७ पासून कित्येक ठिकाणी नळ कोरडे पडले. शहरी हद्दीसाठी तो पुढे शिथिल झाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर टाक्यांत हजारो लिटर जिवंत बिअर अडकली. बाटलीतली टिकली असती, ही टिकत नाही. ब्रूअरांना ती गटारात सोडावी लागली. त्यानंतर राज्याने ही बिअर मोठ्या बाटल्यांत भरून घरी न्यायला देण्याची परवानगी दिली. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला झालेल्या अपघातात दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि त्याआधी त्याला मद्य दिलं गेल्याचं समोर आलं. त्यानंतर वेळा आणि वयाची तपासणी कडक झाली. ती आधीच व्हायला हवी होती. दारात ओळखपत्र मागितलं तर कुणी चिडू नये, आणि ब्रुअरी फेरीला स्वतःची गाडी नेऊच नये.

न्यायची गरजही नाही. मुंबईकराने सुट्टीला पुण्यात जाणं ही प्रथा ब्रुअऱ्यांहून फार जुनी आहे. मुंबई इलाख्याचं सरकार पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवत असे, गव्हर्नर गणेशखिंडीत राहायचा. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हा ती रोजची गाडी नव्हती. शनिवार-रविवारी पुण्याच्या रेसला जाणाऱ्या मुंबईकरांसाठी ती धावायची. म्हणजे वीकेंडची गाडी हेच तिचं मूळ. मी अजूनही शुक्रवारी तिनेच जातो. खंडाळ्याचा घाट चढताना डायनिंग कारमधलं चीज टोस्ट खातो आणि शनिवारी सकाळी रिक्षाने मुंढवा गाठतो.

मागच्या मे महिन्यात परतायच्या दिवशी त्याच ब्रूअरकडे डोकावलो. हापूसची टाकी आदल्या रात्री संपली होती, तो आत उतरून ती घासत होता. फळ्यावर तिच्या नावापुढे रेघ मारलेली. “घरी नेतो एखादी बाटली,” मी म्हटलं. “गव्हाची देतो,” तो आतूनच म्हणाला, “पण काका, डोंबिवलीला पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये टाका आणि उद्याच्या उद्या संपवा.” मी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, वर ओला नॅपकिन घातला आणि इंद्रायणी एक्सप्रेस पकडायला निघालो.